फरशी चकचकीत, बॅरल तसंच

ह्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एकापाठोपाठ तीन घरांत डेंग्यू निघाला. पेशंट घरी आले, कामाला पण लागले, पण गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून सुरू झालेलं भांडण अजून चालूच आहे. एका पार्टीचं म्हणणं, आजकाल घरं स्वच्छ राहिली नाहीत, बायकांना मोबाईल सुटत नाही, फरशी दोन टाईम फिनेलनं पुसली असती तर ही वेळ आली नसती. दुसरी पार्टी म्हणते तुमचं फिनेलच खरं विष आहे, कडुलिंब जाळा, कापूर लावा, आमची आजी शेणानं सारवायची तेव्हा कुठं होता डेंग्यू? आणि तिसरे एक काका आहेत, ते कुठल्याही विषयावर एकच लिहितात, "पाणी रोज सोडा मग बोला." तिघं एकमेकांना लिंका पाठवतात, कुणी कुणाची उघडत नाही.

मी हे चार दिवस गप वाचत होते. पण एकानं "ज्यांच्या घरात निघाला त्यांनी आधी आपलं घर बघावं" असं टाकलं आणि मग मात्र मला राहवलं नाही, कारण त्या तीन घरांतलं एक घर माझं होतं. आणि माझं घर स्वच्छ होतं हो! सासूबाईंचा हात फिरला की फरशीत तोंड दिसतं आमच्या. तरी माझा मुलगा आठ दिवस सलाईनवर होता. म्हणून स्पष्टच सांगते, घर चकचकीत असणं आणि घर निरोगी असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण सगळा पैसा, सगळी मेहनत, सगळी भांडणं पहिल्या गोष्टीवर खर्च करतो. फिनेल की कडुलिंब हा वाद मला खोटा वाटतो तो ह्याच्यासाठी. दोघांचंही लक्ष फरशीवर आहे, आणि आमच्या घरात आजार फरशीवरून आलाच नव्हता, तो आला साठवलेल्या पाण्यातून, आणि तसलं एक निळं बॅरल आमच्याच न्हाणीच्या बाहेर होतं.

सोलापूरच्या माणसाला बॅरल म्हणजे काय हे सांगायला नको. नळाला पाणी चार दिवसाआड, कधी पाच दिवसाआड, त्यामुळे पाण्याच्या दिवशी घरात लग्नघाई असते. हौद, बॅरल, घागरी, बादल्या, कुकरचं भांडं सुद्धा भरून ठेवायचं, चावी कधी बंद होईल सांगता येत नाही. आता डेंग्यूच्या डासाचं गणित बघा. हा डास गटारीतला नाही, त्याला स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं, म्हणजे आपण जपून ठेवतो तेच. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवून, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, पाणी वर चढलं की फुटतात. अंड्याचा डास व्हायला आपल्या हवेत आठवडा ते दहा दिवस पुरतात. आता तुम्ही म्हणाल पाणी तर पाच दिवसांनी बदलतं की. बदलतं कुठं? बॅरल तळापर्यंत कधी रिकामं होतं का? तळाला चार बादल्या शिल्लक असतात, त्यावरच पुढचं पाणी घेतो आपण, जपून वापरायची सवय ना. आमचं बॅरल मी शेवटचं आतून कधी घासलं होतं ते मला आठवत नव्हतं. कंटेनर सर्व्हेला, म्हणजे घरातली साठवणीची भांडी तपासायला आलेल्या ताईंनी बॅटरी मारून दाखवलं तेव्हा आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या, आणि आतल्या बाजूनं हात फिरवला तर शेवाळासारखं बुळबुळीत.

गंमत म्हणजे पाण्याच्या दिवशी आमच्याकडे एक पाणी न चुकता ओतून दिलं जायचं, ते पिण्याचं! "शिळं झालं" म्हणून. झाकलेल्या घागरीतलं, ओगराळ्यानं काढलेलं पाणी पाच दिवसांत शिळं बिळं होत नाही. जे ओतायला नको ते ओततो आणि जे घासायला पाहिजे ते वर्षभर तसंच.

हे आजचंच आहे असं नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा प्लेग कमिटीच्या रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरात घुसले, सामान बाहेर काढलं, जाळलं, भिंतींना चुना मारला, औषधाचे फवारे मारले. लोकांचा किती अपमान झाला आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला हे आपण शाळेत शिकलोय. पण शाळेत एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही, ती म्हणजे एवढं सगळं धुऊन-जाळून प्लेग गेला नाही. कसा जाईल? प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून येतो हे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि ते सगळ्यांच्या गळी उतरायला अजून बरीच वर्षं गेली. म्हणजे सरकारनं धुतली भिंत, आणि आजार फिरत होता पिसवांवर बसून. त्यात दोष कुणाला दिला? घाणेरड्या नेटिवांच्या घाणेरड्या घरांना. आता रँडच्या जागी आमच्या ग्रुपवरचे भाऊ आहेत एवढंच, "आधी आपलं घर बघा" हे वाक्य तेच आहे. त्या काळी निदान पिसवांचं कुणाला माहीत नव्हतं, आपल्याला डासाचं माहीत असून आपण फरशीच पुसतोय.

आता जुन्या पद्धतीवाल्यांचं. त्यांची चेष्टा करायला मला आवडत नाही, कारण त्यांच्यात पुष्कळ खरं आहे. दिवाळीच्या आधी घराला चुना काढायचे, चुना हे जंतू मारणारंच द्रव्य आहे. गाद्या, गोधड्या, उशा मे महिन्याच्या उन्हात टाकायच्या, आपल्या सोलापूरचं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन म्हणजे फुकटचं निर्जंतुकीकरण की हो, ढेकूण पण कमी होतात आणि कुबट वास पण जातो. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, बाहेरून आलं की आधी पाय धुणं, ह्यातल्या प्रत्येक गोष्टीला आज डॉक्टर पण मान डोलावतील. पण तेवढ्यावरून "पूर्वी कुठं होते आजार" म्हणणं म्हणजे कमाल झाली! स्वातंत्र्याच्या वेळी ह्या देशात सरासरी आयुष्य साधारण बत्तीस वर्षांचं होतं. आजीला विचारा तिची किती भावंडं झाली आणि किती जगली. माझी आजी नऊ बाळंतपणं झालेली बाई, त्यातली पाच पोरं वाढली, बाकीच्या चौघांचं ती "देवानं नेलं" एवढंच सांगायची. आणि शेणाचं म्हणाल तर मातीची धूळ बसवायला सारवण चांगलं, ह्यात वाद नाही, पण त्याच शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. बाळाच्या नाळेला शेण-राख लावायची पद्धत होती तेव्हा त्यानं बाळं दगावत होती. लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागली तेव्हा कुठं २०१५ मध्ये आपला देश नवजात बाळांच्या धनुर्वातातून सुटल्याचं जाहीर झालं. जुनं आहे म्हणून सोनं आणि जुनं आहे म्हणून भंगार, दोन्ही आळशीपणाच आहे. एकेक गोष्ट हातात घेऊन बघावी लागते.

ह्याच पार्टीचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे, तो म्हणजे अती स्वच्छतेनं पोरं नाजूक होतात, मातीत खेळू द्या. हा मुद्दा हवेत नाही. १९८९ मध्ये स्ट्रॅचन नावाच्या इंग्रज संशोधकानं दाखवलं होतं की जास्त भावंडांच्या घरातल्या पोरांना ॲलर्जीचं सर्दी-पडसं कमी होतं, आणि तिथनं हा विचार निघाला की लहानपणी थोडे जंतू अंगावरून गेलेले बरे. पण पुढं ह्या विषयातल्या लोकांनीच तो दुरुस्त केला. शरीराला ओळख पाहिजे ती माती, झाडं, जनावरं, माणसं ह्यांच्यातल्या रोजच्या साध्या जंतूंची. कावीळ, टायफॉईड, हगवण हे काही शरीराचे जुने दोस्त नाहीत. म्हणून पोरगं मातीत खेळलं तर खेळू दे, खुशाल लोळू दे, फक्त जेवायला बसायच्या आधी आणि संडासला जाऊन आल्यावर साबणानं हात धुवायला लाव. दोन्ही एकाच दिवशी एकाच पोराला जमतं, त्यात भांडण कुठं आहे? साबणानं हात धुण्यानं जुलाबाचे आजार साधारण तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतात असं वेगवेगळ्या अभ्यासांची बेरीज सांगते, आणि दहा रुपयाची वडी लागते त्याला. ९९.९ टक्के जंतू मारणारी लालभडक बाटली नाही लागत.

बाटलीवाल्यांशी पण दोन शब्द बोललेच पाहिजेत. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ट्रायक्लोसान धरून १९ रसायनं हात धुण्याच्या जंतुनाशक साबणांतून बंद केली, कारण ती साध्या साबणापेक्षा जास्त काम करतात हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. आणि फरशीचं औषध म्हणाल तर त्या बाटलीवर मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पाच-दहा मिनिटं ओलं राहू द्या. कोण ठेवतं? आपण पुसतो आणि लगेच पंखा लावतो. शिवाय पाणी जपायचं म्हणून अख्ख्या घराला एकच बादली, हॉलपासून सुरू झालेलं फडकं शेवटच्या खोलीत पोचतं तेव्हा त्या बादलीत काय काय असतं विचारू नका. म्हणजे घाण गेली नाही, सगळ्या खोल्यांत सारखी वाटली गेली, वर लिंबाचा वास. स्वयंपाकघरातली घासणी तशीच, सिंकच्या कोपऱ्यात ओली पडलेली, महिनाभर तीच. ओटा पुसायचं फडकं तर ताट पण पुसतं आणि सांडलेलं दूध पण. घरातल्या जंतूंचं खरं माहेर फरशी नाहीच, हे ओलं फडकं आहे, आणि त्यावर उपाय काय, तर उकळतं पाणी आणि ऊन.

एक कबुली देते इथंच. पोराला डेंग्यू झाला त्या घाबरलेल्या दिवसांत मीच संडास घासताना ॲसिडचा क्लीनर टाकला आणि वरून "अजून पॉवरफुल" म्हणून ब्लीच ओतलं. एका मिनिटात डोळ्यात आग, छातीत खोकल्याची उबळ, दार उघडून बाहेर पळाले. नंतर कळलं की ह्या दोन्हीतून क्लोरीन वायू निघतो, पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांवर सोडला होता तोच. डेंग्यूचा एक डास त्यानं मेला नाही ते वेगळंच.

आता आमचे तिसरे काका. "पाणी रोज सोडा मग बोला." खरं सांगू का, ह्या सगळ्या वादात सगळ्यात दमदार मुद्दा त्यांचाच आहे आणि त्यांनाच कुणी उत्तर देत नाही. चोवीस तास नळ असता तर बॅरल कशाला भरलं असतं? शंभर किलोमीटरच्या पलीकडून, उजनीवरून पाइपलाइनीनं पाणी येतं ह्या शहराला, धरण भरून वाहिलं तरी आमच्या नळाचा वार बदलत नाही. आणि थांबून थांबून येणाऱ्या पाण्याचा तोटा नुसत्या साठवणीचा नाही. चावी बंद झाली की पाइपातला दाब जातो, मग कुठं तडा असेल, जॉइंट सैल असेल तिथनं बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, आणि आपल्याकडे गल्लीत नळाची लाइन आणि गटार शेजारी शेजारीच असतात. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं जे गढूळ येतं ते प्यायला धरू नये, सांडायला-धुवायला घ्यावं. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरानं पाचशेच्या वर माणसं गेली तेव्हा जॉन स्नो ह्या डॉक्टरानं घरोघर जाऊन हेच शोधलं होतं. घर स्वच्छ की घाणेरडं ह्याच्यावर मरण ठरत नव्हतं, पाणी कुठल्या पंपाचं ह्याच्यावर ठरत होतं. त्या पंपाच्या पाण्याची चव तर इतकी चांगली, की दुसरीकडे राहायला गेलेली एक बाई मुद्दाम तिथलं पाणी मागवून प्यायची. ती पण गेली. म्हणजे काका बरोबर आहेत, आजाराची एक मोठी वाट घराच्या बाहेरूनच येते आणि ती घरातल्या बाईनं कितीही पुसलं तरी बंद होत नाही.

पण काकांना मी एक विचारते, रागवू नका. पाणी सुटलं की नळाला डायरेक्ट मोटार कोण लावतं? आपल्याच गल्लीतले चार बंगलेवाले. मोटार नुसतं पाणीच ओढत नाही, लाइन रिकामी करून सैल जॉइंटातनं गटार पण ओढते, आणि पुढच्या घरांना एकतर पाणीच जात नाही, नाहीतर तेच मिसळलेलं जातं. त्या चार बंगल्यांच्या पायऱ्या रोज पाइपानं धुतल्या जातात हे पण लिहू का? "महापालिका सुधारली की मी सुधारतो" हे ऐकायला बरं वाटतं, पण तोपर्यंत डास थांबतोय थोडाच. रोजच्या पाण्यासाठी मोर्चा काढायचा असेल तर मी सगळ्यात पुढं असेन, झेंडा पण धरीन, पण मोर्च्याहून घरी आल्यावर बॅरल घासायचंच आहे.

"लोकांना सवयच नाही" असं म्हणणाऱ्यांना मी एकदा आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घेऊन जाईन म्हणते. दहा बाय दहाची खोली. त्यात एक बाई सुपात तंबाखू घेऊन दिवसाला हजारभर विड्या वळते, तेंदूची पानं भिजवायला पाणी लागतं, ते पण त्याच साठवलेल्या पाण्यातलं. त्याच खोलीत पोरगं जेवतं, तिथंच झोपतं. पलीकडच्या गल्लीत घराला लागूनच यंत्रमाग, कापसाची पिंज अन्नावर, अंथरुणावर, फुप्फुसात. अख्ख्या देशाच्या घरी सोलापूरचं टॉवेल जातं अंग पुसायला, आणि ते विणणाऱ्याच्या घरी हात धुवायला पाणी मोजून. त्या बाईला काय सांगणार, फिनेल वापर म्हणून? तिला सवय नाही असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. हाताला लागलेली तंबाखू धुतल्याशिवाय ती पोराला घास भरवत नाही, मी पाहिलंय. तिला पाहिजे दुसरी खोली आणि रोजचा नळ.

आणि एक गोष्ट ग्रुपवरच्या कुठल्याच पार्टीनं काढली नाही, कारण तिन्ही पार्ट्यांत पुरुषच जास्त. घर स्वच्छ ठेवायचं कुणी? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्व्हेत स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं, पुरुषाची ९७. पाच तास विरुद्ध दीड तास, आणि तो दीड तास पण जे पुरुष काहीतरी करतात त्यांचाच धरलेला. तेव्हा "दोन टाईम फरशी पुसा" असा सल्ला देणं म्हणजे दुसऱ्याच्या कंबरेवर उदार होणं झालं. माझा हिशेब साधा आहे. वेळ आणि पाणी दोन्ही मोजकं आहे, मग ते जिथं आजार अडतो तिथं लावा. फरशी एक दिवसाआड पुसली म्हणून कुणी मरत नाही. चकचकीत घर बघून मनाला बरं वाटतं, पाहुण्यांसमोर मान वर राहते, हे मी नाकारत नाही, मला पण वाटतं, दिवाळीत तर वाटतंच वाटतं. पण ते सणाचं सुख आहे, त्याला आरोग्याचं नाव देऊन रोज एका बाईला वाकवायचं कशाला?

आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, गाडगेबाबांनी काय केलं ते आठवा. खराटा घेऊन माणूस गावात शिरायचा आणि आधी गावाचा रस्ता झाडायचा, कीर्तन रात्री. स्वतःचं अंगण झाडा एवढंच सांगायचं असतं तर खराटा घरीच ठेवला असता की त्यांनी! आपला खराटा मात्र उंबऱ्यापाशी थांबतो. घरातला केर पायरीवरून खाली ढकलला की स्वच्छता झाली. गच्चीवरचं फुटकं टायर, बंद पडलेल्या कूलरमधलं पाणी, फ्रिजमागचा ट्रे, शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या करवंट्या, हे "आपलं" नाही म्हणून कुणीच बघत नाही. डासाला सातबारा कळत नाही, तो शंभर-दोनशे मीटर आरामात फिरतो. माझ्या पोराला चावलेला डास माझ्याच बॅरलमधला होता की शेजाऱ्याच्या कूलरमधला, हे मी कधीच सांगू शकणार नाही, आणि म्हणूनच "ज्याच्या घरात निघाला त्यानं आपलं घर बघावं" ह्याला काही अर्थ नाही.

आमच्या घरात आता एवढंच बदललंय. पाण्याच्या आदल्या रात्री बॅरलमधलं उरलेलं पाणी बादल्यांत काढून संडासला, झाडांना, फरशीला वापरून टाकायचं, बॅरल आडवं पाडून आतून काथ्यानं खरवडून घासायचं, विशेषतः पाण्याची रेष जिथं असते तिथं, मग तासभर कोरडं ठेवायचं. वरती जुन्या धोतराचं कापड दोरीनं घट्ट. हे काम मिस्टरांचं आहे, वाटून दिलंय, पहिल्या दोन वेळा तोंड वाकडं झालं, आता निमूट करतात. फरशी एक दिवसाआड. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही, मी बँकेत गेले की त्या गुपचूप पुसतात, वास येतो ना घरी आल्यावर.

परवा मी बॅरलच्या तळाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, आतली हिरवी रेघ अगदी स्वच्छ दिसत होती, आणि खाली हे सगळं थोडक्यात लिहिलं. दोन अंगठे आले, एक हात जोडलेला. रात्री साडेदहाला त्या भाऊंचा मेसेज आला, "वहिनी, बॅरल कुठल्या कंपनीचं आहे? आमचं लवकर फाटतंय."